उत्साह गेला की प्रगती दिसेनाशी झाली? कोपरीतील एका गिटार-विद्यार्थ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे पूर्वेला कोपरीत राहणारे हे गृहस्थ 43 वर्षांचे आहेत आणि रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतात. कामाच्या तीन पाळ्या दर आठवड्याला बदलतात. सकाळी सात ते तीन, दुपारी तीन ते रात्री अकरा, आणि रात्रपाळी अकरा ते सकाळी सात. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी नौपाड्यातील माझ्या क्लासला नाव घातले आणि तेव्हापासून, रात्रपाळीनंतरचे काही रविवार सोडले तर, त्यांनी खाडा केलेला नाही. हे प्रकरण लिहिण्यास त्यांची संमती आहे. नाव मात्र त्यांच्या इच्छेनुसार दिलेले नाही.

पहिल्या वर्षात त्यांची प्रगती चांगली झाली. जी, सी, डी, ई मायनर अशा मोकळ्या कॉर्ड्स हाताला बसल्या, केरवा आणि दादरा या दोन्ही ठेक्यांचे स्ट्रमिंग जमू लागले आणि सहा गाणी बऱ्यापैकी वाजू लागली. त्यानंतर दीड वर्ष ती सहाच गाणी राहिली. अडचण सर्वांना ठाऊक असलेलीच होती. एफच्या कॉर्डसाठी तर्जनी आडवी ठेवून पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी पहिलीपाशी) सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात, आणि सीवरून एफवर जाताना त्यांच्या तारा दर वेळी खडखडत किंवा मुक्याच राहत. गिटार सोडून देणारे बहुतेक लोक याच वळणावर सोडतात, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

जूनच्या दुसऱ्या रविवारी वर्ग संपल्यावर ते थांबले आणि म्हणाले, “मॅडम, हल्ली गिटार समोर दिसली तरी हात लावावासा वाटत नाही. माझं मनच उडालंय बहुतेक. पुढच्या महिन्यापासून बंद करू का?”

मी सुचवलेला पहिला उपाय

त्या दिवशी मी जे केले ते चुकीचे होते आणि ते इथे स्पष्टपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते. मी त्यांना धीर दिला, एक नवे, त्यांच्या आवडीचे गाणे दिले आणि रोजचा सराव 40 मिनिटांवरून तासाभरावर नेण्यास सांगितले. म्हणजे उत्साह कमी झाला आहे असे गृहीत धरून मी उत्साहाचाच पुरवठा करू पाहिला. दोन आठवड्यांनी ते आले तेव्हा नवे गाणेही एफपाशीच अडलेले होते, आणि वाढवलेल्या वीस मिनिटांमुळे घरी जेवणाच्या वेळा मागेपुढे होऊन थोडी कुरबुर झाली होती. निष्णात होण्यासाठी दहा हजार तासांचा सराव लागतो, असा आकडा त्यांनी कुठेतरी ऐकला होता आणि आपल्या वाट्याला तेवढे तास या जन्मी येणार नाहीत, असे त्यांनी अतिशय गंभीरपणे सांगितले. तो आकडा अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासातून आला आहे. त्या अभ्यासाचा खरा भर उणिवेवर बोट ठेवून, ती दूर करण्यासाठी एकट्याने केलेल्या सरावावर होता. लोकांच्या लक्षात राहिले ते फक्त तास. मीही त्या दोन आठवड्यांपुरते तासच लक्षात ठेवले होते.

मग मी त्यांना एक साधी गोष्ट करण्यास सांगितली. तीन दिवसांचा घरचा सराव, काहीही न बदलता, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणावा.

ध्वनिमुद्रणात काय आढळले

त्यातील एका दिवसाचे ध्वनिमुद्रण 38 मिनिटांचे होते. कागदावर रेघा ओढत मी ते पूर्ण ऐकले. त्यात ते 41 वेळा थांबले होते आणि त्यापैकी 29 वेळा थांबण्याची जागा एकच होती, ती म्हणजे सीवरून एफ. प्रत्येक वेळी थांबल्यावर ते गाण्याच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करत. परिणामी सहाही गाण्यांची धृपदे घोटून घोटून गुळगुळीत झाली होती, शेवटच्या अंतऱ्यापर्यंत मात्र ते अवघे दोनदा पोहोचले होते. बाकीचे दोन दिवसही याच वळणाचे निघाले. जी गोष्ट येत नव्हती तिच्या वाट्याला 38 मिनिटांपैकी जेमतेम एखाद-दोन मिनिटे येत होती आणि तीही चुकीच्या हालचालीच्या रूपात. हात जे वारंवार करतो तेच शिकतो, त्यामुळे ते रोज 29 वेळा चुकीचा एफ शिकत होते असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे तबल्याचा विद्यार्थी एकच कायदा आणि त्याचे पलटे महिनोन्‌महिने घासतो, गायनाचा विद्यार्थी एकेक अलंकार लयीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर म्हणतो. रियाज आणि बैठक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या घरांत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. गिटार मात्र गाण्यांच्या हौसेने हातात येते आणि गाणे वाजवणे म्हणजेच सराव, अशी समजूत पहिल्या दिवसापासून घट्ट होते. ती समजूत वेळीच न मोडणे हा शिक्षकाचा दोष आहे आणि या प्रकरणात तो माझा होता.

वाद्याची तपासणी

ध्वनिमुद्रणात आणखी एक गोष्ट कानाला टोचत होती. एफ वाजवताना खडखडणाऱ्या तारांचा आवाज बोटांचा दाब कमी पडल्याचा होता हे खरे, पण अडीच वर्षे रोज वाजवणाऱ्या आणि दिवसभर लोखंडाचे भाग हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांत एवढीही ताकद नसावी हे पटत नव्हते. पुढच्या रविवारी मी त्यांना एफचाच आकार पाचव्या फ्रेटवर धरायला लावला. तिथे तो एची कॉर्ड होतो. सहापैकी पाच तारा स्वच्छ बोलल्या. तोच आकार पहिल्या फ्रेटवर आणला की फक्त तीन. म्हणजे आकार हाताला येत होता, अडथळा मानेच्या टोकाशी होता.

ही परीक्षा कोणालाही घरी करता येते. आणखी एक परीक्षा अशी की तार तिसऱ्या फ्रेटमागे दाबावी आणि पहिल्या फ्रेटवर तार व पट्टी यांच्यात किती फट राहते ते पाहावे. पातळ कागद जेमतेम सरकेल एवढी फट पुरेशी असते. त्यांच्या गिटारवर तिथे पोस्टकार्ड सहज सरकत होते. नट म्हणजे मानेच्या टोकाचा, तारा ज्याच्या खाचांतून जातात तो तुकडा; त्याच्या खाचा पुरेशा खोल घासलेल्याच नव्हत्या.

बाराव्या फ्रेटवरची तारांची उंची मोजण्याची पद्धत मात्र मला त्यांच्याकडून शिकायला मिळाली. पट्टी लावून डोळ्याने अंदाज घेण्याची माझी रीत त्यांना पसंत पडली नाही. पुढच्या खेपेला ते ड्रिलच्या बिटांचा छोटा संच घेऊन आले. बिटाचा गुळगुळीत दांडा तारेखालून सरकवायचा, तार न हलता जो सर्वांत जाड दांडा जाईल त्याची जाडी म्हणजे तारेची उंची. सहाव्या तारेखालून साडेतीन मिलिमीटरचा दांडा आरामात गेला. अकूस्टिक गिटारवर ही उंची साधारण अडीच मिलिमीटर असली तर हाताला बरी पडते. जुलै महिना होता आणि ठाण्याच्या पावसाळी हवेत लाकूड ओल धरून फुगते, वरची फळी किंचित उचलली जाते आणि तिच्यावरचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात तो तुकडा, तारांनाही वर उचलतो, त्यामुळे काही वाढ हंगामी असणार. तरीही एक मिलिमीटरचा फरक केवळ पावसाचा नव्हता. गिटार दुकानातून आली तशीच, कोणीही न जुळवता, अडीच वर्षे वाजवली जात होती, आणि पहिल्याच आठवड्यात ती तपासून घेणे माझे काम होते.

दुरुस्ती साधी निघाली. कारागिराने नटाच्या खाचा घासल्या आणि ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी, खालून दोन मिलिमीटर उतरवले. सॅडल जितके उतरते त्याच्या निम्म्याने बाराव्या फ्रेटवरची उंची कमी होते, म्हणून एक मिलिमीटर कमी करण्यासाठी दोन उतरवावे लागतात. त्याच वेळी 12च्या तारांऐवजी 11चा संच बसवला. पहिली तार इंचाच्या बारा हजारांशांऐवजी अकरा हजारांश जाडीची झाली की त्याच सुरासाठी तिच्यावरचा ताण सुमारे 16 टक्क्यांनी घटतो. वर्गात त्यांनी एफ धरला आणि पाच तारा वाजल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे गेज खराब होतं आणि मी ऑपरेटरला दोष देत होतो.”

त्यानंतरचे दोन आठवडे ते फार आनंदात होते. तिसऱ्या आठवड्यात जुनी मरगळ परत आली. वाद्यामुळे येणारा अडथळा दूर झाला होता, पण सराव अजून सहा गाणी सुरुवातीपासून वाजवण्याचाच होता. बरे वाजलेल्या दिवशी मन उंच जाई आणि वाईट दिवसानंतर गिटार तीन-तीन दिवस खोळीतच राही.

वहीतील आलेख

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून सरावाचे दोन भाग केले. पहिली पंधरा मिनिटे दुरुस्तीची, उरलेली वीस वाजवण्याची. दुरुस्तीच्या वेळात गाणे अजिबात वाजवायचे नाही. फक्त सी, एफ, सी, एफ, आणि तेही इतक्या संथ गतीने की एकही तार मुकी राहू नये. शेवटी घड्याळ लावून एका मिनिटात किती स्वच्छ बदल होतात ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. वाजवण्याच्या वेळात उलट नियम होता, चुकले तरी थांबायचे नाही. रात्री उशिरा सराव करावा लागला तर शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून ब्रिजजवळ तारांखाली रुमालाची घडी सरकवायची. आवाज दबतो, पण बोटांचे काम तेच राहते.

मी फक्त आकडा लिहिण्यास सांगितले होते. त्यांनी बारा दिवसांनंतर आलेख-कागदाची वही समोर ठेवली, आणि या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट तिथे होती. त्यांनी आपल्या सरावाचा नियंत्रण आलेख काढला होता. वॉल्टर श्यूहार्ट यांनी 1924 मध्ये अमेरिकेतील टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या कारखान्यासाठी मांडलेली ही पद्धत आज कोणत्याही गुणवत्ता विभागात रोजच्या वापरात असते. तिच्यामागचा विचार असा की कोणत्याही कामाचे माप दररोज थोडे वरखाली होणारच, ते त्या कामाच्या स्वभावातच असते. या नेहमीच्या चढउताराची वरची आणि खालची मर्यादा आधी ठरवून घ्यावी. माप त्या दोन रेषांच्या आत असेल तर यंत्राला हात लावू नये, बाहेर गेले तर विशिष्ट कारण शोधावे.

त्यांच्या पहिल्या बारा नोंदी 14 ते 22 यांच्या दरम्यान होत्या आणि सरासरी 18 होती. लागोपाठच्या दोन नोंदींमधील फरकांची सरासरी 3 आली. तिला 2.66 ने गुणून आलेले साधारण 8 त्यांनी सरासरीत मिळवले आणि वजा केले. वरची रेषा 26, खालची 10. हे गणित त्यांना पाठच होते, मला मात्र ते दोनदा समजावून घ्यावे लागले.

याचा परिणाम मी समोर पाहिला. एका शनिवारी 13 ची नोंद झाली. जूनमधले तेच गृहस्थ अशा दिवशी “आज परत मागे गेलो” म्हणून गिटार ठेवून देत असत. आता 13 हा आकडा दोन रेषांच्या आत होता, म्हणजे त्यात बातमी म्हणण्यासारखे काही नव्हते, आणि ते दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सरावाला बसले. याउलट 8 आणि 9 अशा दोन नोंदी खालच्या रेषेच्या बाहेर पडल्या. दोन्ही रात्रपाळीहून आल्यावर सकाळी नऊच्या सुमाराला, झोपेआधी घेतलेल्या होत्या. कारण सापडले होते. त्यानंतर रात्रपाळीच्या आठवड्यात मोजणी पूर्ण बंद ठेवली आणि संध्याकाळी झोप झाल्यावर दहाच मिनिटे संथ सराव करायचा असे ठरले.

सप्टेंबरच्या मध्यावर त्यांचा दुपारी फोन आला. कारखान्यातून फोन करण्याची त्यांची सवय नाही, म्हणून मी जरा घाबरलेच. “मॅडम, सलग आठ पॉइंट सरासरीच्या वर आलेत. आता हा योगायोग नाही. प्रोसेस बदलली.” सलग आठ नोंदी सरासरीच्या एकाच बाजूला पडल्या तर मूळ कामातच बदल झाला असे मानावे, हा त्या आलेखाचा प्रस्थापित नियम आहे. त्यांनी नवी सरासरी काढली, ती 27 होती.

या घटनेनंतर उत्साहाविषयी माझे मत बदलले. या विद्यार्थ्याचा उत्साह कधीच गेलेला नव्हता. प्रगती होते आहे की नाही हे कळण्याची कोणतीही सोय त्याच्याकडे नव्हती. रोजचा चढउतार मोठा आणि आठवड्याची वाढ लहान असल्यामुळे, नुसत्या मनाने मापणाऱ्याला फक्त चढउतारच जाणवत राहतो. माणूस दीड वर्ष मेहनत करतो आणि त्याला रोज संध्याकाळी फक्त त्या दिवसाचे नशीब दिसते. अशा वेळी मन उडाले तर नवल नाही. मात्र मोजणी सर्वांना मानवते असेही नाही. माझ्याकडील एका शाळकरी मुलीला मी हीच वही दिली, तेव्हा आकडा वाढवण्याच्या नादात तिचा स्वर खराब होऊ लागला आणि आठवड्याभरात वही परत घ्यावी लागली. ज्याच्या हाताला मोजमापाची शिस्त आधीपासून आहे त्याला हा उपाय लागू पडतो.

पुढचा टप्पा थोडक्यात सांगण्यासारखा आहे. सी ते एफ एकटाच चांगला होऊ लागल्यावर मी त्यात जी ते एफ आणि ए मायनर ते एफ मिसळले, आणि कोणता बदल केव्हा करायचा हे चिठ्ठ्या उचलून ठरवायला लावले. आकडा लगेच 27 वरून 19 पर्यंत घसरला. शे आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी 1979 मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात असेच दिसले होते. लहान अडसर ठरलेल्या क्रमाने पाडण्याचे काम ज्यांनी मिसळून केले ते सरावात मागे राहिले, पण नंतरच्या चाचणीत पुढे निघाले. हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते, म्हणून त्यांनी मिसळ सरावासाठी वेगळे पान आखले आणि जुन्या आकड्याशी तुलना केली नाही.

कोजागरीची तयारी

गृहस्थांच्या पत्नी सोसायटीच्या भजनी मंडळात गातात. पहिल्या वर्षी त्या त्यांच्याबरोबर म्हणायला बसत, पण हे दर चुकीला थांबत आणि सुरुवातीपासून घेत, त्यामुळे त्यांनी हळूहळू बसणे सोडले. सप्टेंबरच्या शेवटी मी त्यांना विनंती केली की कोजागरीला गच्चीवर चार गाणी दोघांनी मिळून करावीत. बाईंचा सूर काळी चार. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चाप) लावून जीच्या आकारात वाजवले की तो बरोबर मिळतो. चारपैकी दोन गाण्यांत कोमल निषाद येतो आणि तो आला की जीच्या घरात, म्हणजे जीला सा मानल्यावर, एफ वाजवावाच लागतो, त्यामुळे महिनाभर घोटलेला सी ते एफ तिथे कामी येणार होता.

साथ करणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते आलेखात मोजता येत नाही. गायिका पुढे निघून गेली तर तिला गाठायचे, हुकलेली कॉर्ड सोडून द्यायची, समेवर हजर राहायचे. पहिल्या तालमीला मी त्यांच्या घरी होते. दुसऱ्या ओळीतच एफ मुका गेला, यांचा उजवा हात सवयीने थांबला. बाईंनी गाणे न थांबवता हातानेच खूण केली आणि ओळ संपल्यावर म्हणाल्या, “अहो, तुम्ही थांबू नका. मी जाते पुढे, तुम्ही या मागून.” पुढच्या तीन आठवड्यांत सुटीच्या दिवशी जेवणे झाल्यावर रोज एक गाणे, न थांबता, असा त्यांचा क्रम झाला. जूनमध्ये सरावामुळे होणारी कुरबुर आता राहिली नव्हती, कारण त्या वीस मिनिटांत आता दोघे होते.

कोजागरीच्या रात्री गच्चीवर पन्नासेक माणसे होती, दुधाचे पातेले एका बाजूला आटत होते आणि ओलसर हवेने तारांचे सूर हलल्यामुळे दोनदा सूर लावून घ्यावे लागले. पहिली दोन गाणी ठीक झाली. तिसऱ्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात एफच्या दोन तारा मुक्या गेल्या, ते मला मागच्या कठड्यापाशीही ऐकू आले. उजवा हात चालू राहिला, बाई पुढे गेल्या होत्या, आणि समेवर दोघे एकत्र आले. चौथ्या गाण्याला लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला तेव्हा लय थोडी वाढली, तीही त्यांनी सांभाळली.

पुढच्या रविवारी ते नेहमीच्या वेळेला वर्गात आले, वही उघडली आणि बंद करण्याचा विषय न काढता नवे पान पुढे केले. जीच्या घरात आणखी गाणी घ्यायची तर आता बी मायनर लागणार होता. पानाच्या वर त्यांनी ‘जी ते बी मायनर’ असे लिहिले होते आणि पहिल्या दिवसाची नोंद 7 होती.